फुग्यांची बंदूक चालते, मग क्लबची का नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पानावर मांजलपूरच्या एका ताईंचं पत्र आलं होतं, की बडोद्यात हे जे शूटिंगचे क्लब निघालेत ते बंद करा, बंदूक हा काय छंद झाला का, उद्या पोरं दप्तरात पिस्तुलं घेऊन शाळेत जातील. ते पत्र आमच्या सौ.नी मला चहाबरोबर मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि वाचताना त्यांचा आवाज जरा जास्तच खुश होता, कारण मी गेली चार वर्षं आठवड्यातून तीनदा असल्याच एका क्लबात जातो. वय ५८, बँकेतून व्हीआरएस घेतलेली, शुगर बॉर्डरवर. सोसायटीत पोरं मला 'बंदूकवाले काका' म्हणतात आणि वॉचमन सलाम जरा कडक मारतो. चार दिवस विचार केला की जाऊ दे कशाला लिहायचं, मग म्हटलं लिहूनच टाकू. लांब झालं तर कापा, पण फुग्यांचा भाग कापू नका प्लीज.

तर फुगे. श्रावणातल्या मेळ्यात किंवा कुठल्याही आनंद मेळ्यात जा, आकाशपाळणा आणि कुल्फीच्या मधे फुगेवाला असतोच. लाकडी फळीवर फुगे टाचलेले, मागे एक जुनी चादर किंवा ताडपत्री, पुढे बाकावर दोन-तीन एअरगन. फुगेवाला नळी बिजागरीपाशी खाली वाकवून छर्रा घालतो, खटकन बंद करतो आणि भरलेली बंदूक सरळ सहा वर्षांच्या पोराच्या हातात देतो. पोराला वजन पेलत नाही म्हणून बाप मागून धरतो, आई बाजूला मोबाईल घेऊन उभी, आणि पोरगं "मम्मी बघ ना" म्हणत अख्खी बंदूक घेऊन आईकडे वळतं. मी हे स्वतः गेल्या वर्षी एका संध्याकाळी तीनदा पाहिलं, मोजून तीनदा. मी ओरडलो तर त्या बापानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्याच्या पोरावर रोखलीय. त्या चादरीच्या मागे काय होतं माहितीये का, पाणीपुरीची गाडी आणि लाईनीत उभी माणसं. आता त्या ताईंनी खरं सांगावं, आयुष्यात एकदा तरी त्यांनी तिथे दहा-वीस रुपये देऊन फुगे फोडले असतील की नाही? आपण सगळ्यांनीच फोडलेत. बंदूक आपल्या घरात कधी आलीच नाही असं आपण म्हणतो तेव्हा आपण हे मोजतच नाही.

आणि त्या बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, वाकडी असते हे तर सगळ्यांनाच माहितीये, फुटू नये म्हणूनच तशी ठेवतात. माझे बाबा, ते लहानपणी दांडिया बाजारात माणिकरावांच्या आखाड्यात जायचे, ते म्हणायचे की पहिले दोन छर्रे वाया घालवायचे, बंदूक कुठे मारते ते बघायचं, मग तेवढं उलट्या बाजूला धरायचं. पुढे क्लबात सरांनी शिकवलं की याला झिरो करणं म्हणतात, फरक इतकाच की इथे नेम वाकडा ठेवत नाहीत, स्क्रू फिरवून सरळ करतात.

आता क्लबात काय होतं ते सांगतो, म्हणजे ताईंना समजेल. पहिला महिनाभर मला एकही छर्रा दिला नाही. खरंच नाही. आमचे सर रिटायर्ड फौजी, आणंदच्या बाजूचे, मराठी समजतं पण बोलतात गुजरातीतच. त्यांनी मला कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं, हातात रिकामं पिस्तूल, आणि म्हणाले धरा. बस, धरा. तीस सेकंद धरायचं, खाली ठेवायचं, परत. पिस्तूल दीड किलोच्या आतच असतं, नियमच आहे, पण एका हातानं, कोपर सरळ ठेवून, कशाचाही आधार न घेता दीड किलो काय असतं हे दहाव्या वेळेला कळतं. मला कॉलेजच्या एनसीसीची घमेंड होती, तिथे पॉइंट टू टूच्या रायफलनं पालथं झोपून पाच राउंड मारले होते, पाचही कागदावर लागले होते आणि मी पस्तीस वर्षं ती गोष्ट लग्नकार्यात सांगत होतो. ती घमेंड त्या भिंतीसमोर उतरली.

दुसऱ्या महिन्यात माझ्याकडून चूक झाली ती पण सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. छर्रा मारून झाला होता, पिस्तूल रिकामं होतं, आणि मागून माझी लेक काहीतरी म्हणाली तर मी "काय गं" म्हणून वळलो, पिस्तूल हातातच. सरांचा आवाज मी जन्मात विसरणार नाही, "काका, नळी सामे!" म्हणजे नळी समोर. पूर्ण हॉल थांबला. सगळ्यांनी पिस्तुलं खाली ठेवली. मी म्हणालो सर रिकामं आहे, तर म्हणाले रिकाम्या बंदुकीनंच माणसं मरतात, भरलेलीला सगळे घाबरतात. मग मला आठ दिवस लेन, म्हणजे उभं राहून मारायची जागा, मिळाली नाही, झाडू मिळाला, पडलेले छर्रे गोळा करायचे आणि बारा-तेरा वर्षांच्या पोरांचे टार्गेट कागद बदलायचे. बँकेत सिनियर मॅनेजर होतो मी. पण तेव्हापासून माझ्या हातात साधी ड्रिल मशीन असली तरी मी तिचं तोंड कुणाकडे करत नाही, सौ. हसतात.

नियम थोडेच आहेत. नळी कायम टार्गेटकडे. निशाणा धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. मारून झालं की नळीत रंगीत दोरी घालायची, तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात, ती बाहेर लोंबताना दिसली की लांबूनच कळतं की आत काही नाही. 'लोड' म्हटल्याशिवाय छर्रा भरायचा नाही, 'स्टॉप' म्हटलं की अर्धा निशाणा असला तरी थांबायचं, आणि कुणीही लेनच्या पुढे गेलेलं असताना पिस्तुलाला हातच लावायचा नाही. आणि खाणं बंद. मी एकदा लीलो चेवडोची, म्हणजे ओल्या चिवड्याची, पुडी फोडली छर्र्यांच्या डबीशेजारी, तर सरांनी ती उचलून कचऱ्यात टाकली, कारण छर्रे शिशाचे असतात, हाताला लागलेलं शिसं पोटात जातं. निघताना साबणानं हात धुवायचे, पोरांचे तर सर स्वतः उभे राहून धुवून घेतात. आता मला सांगा या शहरात दुसरी कुठली जागा आहे जिथे चौदा वर्षांचं पोरगं दोन तास मोबाईल बाहेरच्या कपाटात ठेवून, कुणी थांब म्हटलं की त्याच क्षणी थांबतं? आमच्या घरी तर जेवायला सहा हाका माराव्या लागायच्या.

हो, रीलवाले पण येतात. पिस्तूल आडवं धरून गॉगल लावून व्हिडिओ काढायला. दुसऱ्या दिवशी येत नाहीत, कारण फोन आत नेऊ देत नाहीत आणि भिंतीसमोर उभं राहणं त्यांना झेपत नाही. ही गाळणी आपोआप होते.

खेळ बघायला तर इतका कंटाळवाणा आहे की विचारू नका. दहा मीटरवर टार्गेट, पिस्तुलाचं काळं वर्तुळ जेमतेम सहा सेंटीमीटरचं, त्यातला दहाचा गोल साडेअकरा मिलीमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. रायफलवाल्यांचा दहा तर अर्ध्या मिलीमीटरचा ठिपका, पेनानं टेकवल्यासारखा. साठ शॉट, ७५ मिनिटं. हात हलतो, तो हलणारच, सगळ्यांचा हलतो, फक्त चांगल्यांचा कमी हलतो. शिकायचं एवढंच की हलत्या हातातच ट्रिगर हळूहळू दाबत जायचा आणि शॉट कधी सुटला ते आपल्यालाही कळता कामा नये. 'आत्ता मार' असं मनात आलं की संपलं, बोट झटकतं आणि उजव्या हातानं मारणाऱ्याचा छर्रा खाली डावीकडे जातो. आमच्यात घड्याळाच्या भाषेत सांगतात, 'सात वाजता सहा' म्हणजे सातच्या दिशेला, मार्क सहा. माझे सगळे वाईट दिवस सात वाजताच येतात. सौ.नी घरी काही बोललं की त्या संध्याकाळी हमखास. आतापर्यंतचा माझा बेस्ट ६०० पैकी ५४१ आहे, तो कागद कपाटाच्या आतल्या दाराला चिकटवलाय. ५४१ म्हणजे किती, तर टोकियोत मनू भाकरनं पिस्तुलात बिघाड होऊन वेळ गेला तरी ५७५ मारले होते आणि तरीही फायनल हुकली होती. त्याच मुलीनं २०२४ ला पॅरिसमध्ये दोन ब्राँझ आणली.

पॅरिसवरून आठवलं, तो तुर्कस्तानचा युसुफ दिकेच, पांढरे होत चाललेले केस, साधा टीशर्ट, एक हात खिशात, त्याचे मीम तुमच्या आमच्या सगळ्यांच्या ग्रुपवर आले होते. लोकांना वाटलं काय स्टाईल आहे. ती स्टाईल नाही हो, मोकळा हात लोंबत ठेवला की खांदा आणि कंबर डोलतात म्हणून तो खिशात नाहीतर पट्ट्यात अडकवायचा, आमच्याकडे सगळेच अडकवतात, मनू पण. पण माणूस ५१ वर्षांचा होता आणि सिल्व्हर घेऊन गेला. त्याच्याही आधी १९२० मध्ये स्वीडनचा ऑस्कर स्वान ७२ व्या वर्षी ऑलिंपिकचं सिल्व्हर घेऊन गेलाय, नेमबाजीतच. म्हणून ताई जेव्हा 'पोरांच्या हातात' असं लिहितात तेव्हा माझा पहिला मुद्दा हाच की हा खेळ फक्त पोरांचा समजूच नका. ज्याचे गुडघे गेलेत, ज्याला बॅडमिंटनला डॉक्टरांनी नाही म्हटलंय, त्याच्यासाठी पण हा आहे. आमच्या सकाळच्या बॅचला एक आजी येतात, वय विचारलं तर रागावतात.

आता ताईंचं जे बरोबर आहे ते. भीती बरोबर आहे, पत्ता चुकलाय. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे पॉइंट वन सेव्हन सेव्हन इंच नळीची, २० जूलच्या आतल्या जोराची एअरगन घ्यायला लायसन्स लागत नाही. त्यामुळे काय होतं, एखादा मामा भाच्याला वाढदिवसाला एअरगन आणून देतो, खेळण्यासारखी, आणि शिकवत कुणीच नाही. ती गच्चीवर जाते. गच्चीवर कबुतरं, होले, शेजाऱ्यांच्या टाक्या आणि शेजारी. पक्षी मारणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो हे त्या मामाला माहीत नसतं, आणि छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो हे माहीत असूनही आपल्या घरी होणार नाही असं वाटतं. माझ्याच नात्यातल्या एका घरी माळ्यावर अशी एअरगन दहा वर्षं पडून होती, मी खाली काढली, नळी मोडून बघितली तर आत छर्रा. दहा वर्षं. दिवाळीची साफसफाई करताना ती किती जणींच्या डोक्यावरून इकडून तिकडे झाली असेल देव जाणे.

आणि लग्नातल्या गोळीबाराबद्दल तर बोलायलाच नको. वरातीत हवेत मारतात आणि वर गेलेली गोळी कुणाच्या तरी अंगणात खाली येते. २०१९ मध्ये कायदा बदलला, आता त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मी चार वर्षांत जेवढे शूटर ओळखतो त्यातला एकही असं करणार नाही, कायद्याच्या भीतीनं नाही, त्याला ते बघूनच शिसारी येते म्हणून. मागे काय आहे हे न बघता ट्रिगर दाबणं म्हणजे आमच्यात जेवताना ताटात थुंकण्यासारखं आहे. म्हणून क्लब बंद करून काय होणार, माळ्यावरच्या बंदुका तिथेच राहतील आणि त्या कशा धरायच्या हे सांगणारी जागा तेवढी जाईल.

ताईंनी अजून एक लिहिलंय की हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. आता हे बडोद्यात बसून लिहायचं म्हणजे कमाल आहे. सोन्याचांदीच्या तोफा ओतणाऱ्या गायकवाडांचं गाव हे. ते राहू दे, राजेलोकांचं वेगळं. पण दादासाहेब मावळंकर तर राजे नव्हते ना? गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले स्पीकर, मूळ घराणं रत्नागिरीकडचं, वकिली आणि सगळं काम अहमदाबादला, पण जन्म १८८८ चा आपल्या बडोद्यातला. धोतर नेसणारा गांधीवादी माणूस. याच माणसानं १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया उभी केली आणि पहिला अध्यक्ष झाला. आजही त्यांच्या नावाची स्पर्धा होते, पोरं आपसात फक्त 'मावळंकर' म्हणतात, "मावळंकर खेळलास का", "मावळंकरला किती मारले", कारण तिथे ठरलेला स्कोअर केला की नॅशनलचं दार उघडतं. देशभरातली पोरं ते नाव घेतात आणि बडोद्यातल्या मराठी माणसाला पत्ता नाही. मी पण क्लबात जाईपर्यंत मावळंकर म्हणजे दिल्लीतला कुठलातरी हॉल एवढंच समजत होतो, हे कबूल करतो.

महाराष्ट्रातल्या मुलींनी तर या खेळात केवढं करून ठेवलंय. अंजली भागवत, सुमा शिरूर, राही सरनोबत. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, वर्ल्ड चॅम्पियन झाली, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या कॉमनवेल्थला तिच्या जोडीनं थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, सिल्व्हर कुणी घेतलं, तर आपल्या शेजारच्या आणंदकडच्या लज्जा गोस्वामीनं. मराठी-गुजराती जोडी, यापेक्षा बडोद्याचं काय असतं? आणि पॅरिसला कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे, तेव्हा रेल्वेत टीसी, ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ. त्या दिवशी क्लबात सरांनी स्वतःच्या पैशानं सगळ्यांना सेव उसळ खाऊ घातली, अर्थात हॉलच्या बाहेर.

पण त्या पदकांमुळे एक वेगळंच दुखणं सुरू झालंय. पॅरिसनंतर आईबाप रांगा लावून यायला लागले, पहिला प्रश्न "किती दिवसांत मेडल", दुसरा "स्पोर्ट्स कोट्यात अॅडमिशन होते का". पोराला विचारतच नाही आवडतं का. मॅचची परदेशी रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते, वर ते जाड कॅनव्हासचं जॅकेट, पँट, बूट, कर्ज काढून घेतात आणि वर्षात पोरगं कंटाळतं की ती ओएलएक्सवर. अरे आधी क्लबचं पिस्तूल धरू द्या, सहा महिने भिंत बघू द्या. छंद म्हणून कुणी काही करू शकतं हेच आपण विसरलोय. मी कुठेही सिलेक्ट होणार नाहीये, मला कुणी नोकरी देणार नाहीये, माझी शुगर पण फार कमी झालेली नाही, मी फक्त जातो कारण त्या ७५ मिनिटांत माझ्या डोक्यात दुसरं काहीच येत नाही. बँकेच्या शेवटच्या वर्षांत मला झोप लागत नव्हती, आता लागते. एवढं पुरे नाही का?

कॉर्पोरेशनला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, छापल्या तर बरं. एक, दहा मीटरच्या एअर रेंजला काही स्टेडियम लागत नाही, लांबट बंद हॉल, पक्की मागची भिंत, छर्रे अडवणारे टार्गेटचे डबे, चांगला उजेड, आणि पुढून कुणी आत शिरणार नाही असं दार. कॉर्पोरेशनच्या ताब्यात असे हॉल पडून आहेत, एखाद्यात रविवारी दोन तास मोठ्या माणसांसाठी ठेवा, शिकवणारा ट्रेनिंग घेतलेला असू दे, फी घ्या, आम्ही देऊ. दोन, मेळ्याची परवानगी देताना फुगेवाल्याला एवढंच सांगा की चादरीच्या जागी जाड फळी आणि तिच्या मागे कुणी नाही, आणि बंदूक बाकाला हातभर साखळीनं बांधलेली हवी, म्हणजे ती फुग्यांकडे वळेल पण आईकडे वळणार नाही. त्याचा धंदा बुडणार नाही. माशी वाकडी ठेवायची तर ठेवू दे.

आणि त्या ताईंना आमंत्रण. गुरुवारी सकाळी साडेसातला या, मोठ्यांची बॅच असते, आमच्या सौ. पण येतील, त्या चार वर्षांत एकदाही आत आलेल्या नाहीत, तुम्ही आलात तर येतो म्हणाल्यात. क्लबचा पत्ता तुमच्या ऑफिसात देऊन ठेवतो. चष्मा असेल तर शेवटची नंबरची चिठ्ठी पण आणा, कारण चाळिशीनंतर लांबचं टार्गेट दिसतं पण हातातल्या पिस्तुलाची माशी पुसट होते, आणि बघायचं असतं माशीकडेच, टार्गेट पुसट दिसलं तरी चालतं. मला हे कळायला वर्ष लागलं, तोवर मी सरांना दोष देत होतो. बूट घालून या, चपला चालत नाहीत. आणि चिवडा आणू नका.

आपला,
एक वाचक, कारेलीबाग, बडोदा
(नाव छापू नका, सोसायटीत आधीच एक नाव पडलेलं आहे.)